सतत शाई पुरवठा प्रणाली

सतत शाई पुरवठा प्रणाली म्हणजे इंकजेट प्रिंटरच्या छोट्या कार्ट्रिजऐवजी बाहेर ठेवलेल्या मोठ्या टाक्यांतून बारीक नळ्यांद्वारे शाई पुरवणारी व्यवस्था होय. घरगुती छायाचित्र-छपाईत शाईचा खर्च अनेकदा प्रिंटरच्या किमतीहून अधिक होतो. तो कमी करणे हा या प्रणालीचा मुख्य हेतू आहे.

== कार्य ==
प्रत्येक रंगास स्वतंत्र टाकी, नळी आणि चिप बसवलेले बदली कार्ट्रिज असते. शाई पंपाने ढकलली जात नाही. छपाईशीर्षातून थेंब बाहेर पडले की तेवढीच शाई नळीतून पुढे ओढली जाते. म्हणून टाकीची उंची निर्णायक ठरते. टाकी प्रिंटरहून उंच ठेवल्यास शीर्षातून शाई गळते, फार खाली ठेवल्यास शीर्षापर्यंत पोहोचत नाही. टाकीचे हवाछिद्र बंद राहिल्यास आत निर्वात निर्माण होऊन छपाई चालू असतानाच एखादा रंग नाहीसा होतो. बिघाड समजून प्रिंटर दुरुस्तीला नेण्यापूर्वी हे छिद्र पाहणे इष्ट.

== निवड ==
प्रथम छपाईशीर्ष कोठे आहे हे पाहावे. एप्सनच्या प्रिंटरांत पिझोविद्युत शीर्ष यंत्रातच कायम बसवलेले असते, त्यामुळे ते या प्रणालीस सोयीचे ठरतात. एचपीच्या अनेक आणि कॅननच्या काही प्रतिमानांत उष्णतेवर चालणारे शीर्ष कार्ट्रिजमध्येच असते. ते झिजले की टाकीत शाई असूनही कार्ट्रिज बदलावे लागते.

शाईची निवड यंत्राच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. रंजकद्रव्य विरघळलेली डाय शाई चकचकीत कागदावर उठावदार दिसते, परंतु प्रकाश व ओझोन यांमुळे लवकर फिकी पडते. पिगमेंट शाई अधिक टिकते. मात्र तिचे कण तळाशी बसू शकतात. एकीसाठी बनवलेल्या यंत्रात दुसरी भरणे किंवा दोन्ही मिसळणे टाळावे. निळसर व किरमिजी रंगांच्या फिकट छटा असलेली सहा रंगांची रचना त्वचेचे सौम्य उतार चार रंगांपेक्षा नितळ उमटवते. शाई बदलली की रंगही बदलतात. नवीन शाई आणि कागद यांच्या जोडीसाठी रंग-प्रोफाइल करून घेतले नाही, तर चेहरे हिरवट वा लालसर येतात.

बाहेरून जोडलेल्या प्रणालीमुळे हमी नाकारली जाऊ शकते आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर प्रिंटर चिप ओळखेनासा होतो. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातच टाकी बसवलेले प्रिंटर विक्रीस आणले. आज नव्याने खरेदी करणाऱ्यास बहुधा असाच प्रिंटर सोयीचा पडतो. बाह्य प्रणाली मुख्यतः हाती असलेल्या जुन्या, सुस्थितीतील यंत्रासाठी उरते.

== मर्यादा ==
वर्षातून मोजकीच छायाचित्रे छापणाऱ्यास ही प्रणाली परवडत नाही. वापराविना शीर्षात शाई वाळते आणि ते मोकळे करण्याच्या प्रत्येक फेरीत शाई वाया जाते. ही वाया गेलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत साठते, आणि तिचा गणक भरला की प्रिंटर छपाई थांबवतो.