गंजाचा जमाखर्च

वाशीम जिल्ह्यातील कारंज्याहून एकीकडे मूर्तिजापूर आणि दुसरीकडे यवतमाळ गाठणारा ‘शकुंतला’ नावाच्या रेल्वेगाडीचा अडीच फुटी लोहमार्ग, जो वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्याकरिता किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली घातला गेला आणि ज्यावर 1994 पर्यंत मँचेस्टरच्या कारखान्यातले वाफेचे इंजिन धावत होते, तो गाडीची ये-जा थांबल्यापासून तांबूस पडला आहे. चाकांच्या घर्षणाने रुळाचा माथा पूर्वी लखलखीत राही. आता माथा आणि पाया एकाच रंगाचे. पाहणारा म्हणतो, हवेने लोखंड खाल्ले.

वस्तुतः गंजणे हा विद्युत्प्रवाहाचा व्यवहार आहे. ओलसर पृष्ठभागावर एका ठिकाणी लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन धातूत मागे ठेवून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. विलक्षण गोष्ट ही, की धातूचा नाश बहुधा तेथेच होतो जेथे प्राणवायू कमी पोहोचतो. केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांचा एक साधा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात करता येण्याजोगा आहे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर, पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फथॅलिन घातलेल्या मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. काही वेळाने थेंबाची कडा, जेथे हवा सहज मिळते, गुलाबी होते. मध्यभाग निळा पडतो. निळे म्हणजे विरघळलेले लोह. गंजाचा तपकिरी साका या दोहोंच्या मध्ये धरतो. म्हणजे जमा एका खात्यावर दिसते आणि खर्च दुसऱ्याच खात्यात पडलेला असतो. मातीत, गवतात दडलेला रुळाचा पाया आणि खिळ्याखालची फट हीच, म्हणून, खरी चिंतेची जागा. केवळ माथ्याचा रंग पाहून अहवाल लिहिणाऱ्या अंमलदाराचे मला नवल वाटते.

प्रवाह आहे म्हटल्यावर तो मोजता आलाच पाहिजे. मोरचुदाच्या संपृक्त द्रावणात बुडविलेली तांब्याची कांडी सच्छिद्र बुडाच्या नळीत घालून ओल्या मातीवर टेकवायची, दुसरी तार लोखंडाला जोडायची आणि व्होल्टमापक पाहायचा: ही पहिली पायरी. तिने लोखंडाचा कल कळतो, झिजण्याचा वेग मात्र कळत नाही. वेगासाठी 1957 साली स्टर्न आणि गिअरी यांनी दाखविलेली वाट घ्यावी लागते: लोखंडाचे विभव जेमतेम दहा-वीस मिलिव्होल्टने हलवून त्यामुळे वाढणारा प्रवाह मोजायचा, आणि त्या दोहोंच्या गुणोत्तरावरून मूळचा, स्वतःहून चाललेला प्रवाह काढायचा. पुढचे गणित फॅरडेचे. दर चौरस सेंटिमीटरला 1 मायक्रोअँपिअर म्हणजे लोखंडाची वर्षाला सुमारे 0.012 मिलिमीटर झीज; दहापट प्रवाह असेल तर एक मिलिमीटर जाडी नऊ वर्षांच्या आतच संपते.

जमिनीखालच्या नळांची गोष्ट निराळी, कारण तेथे मातीही या व्यवहारात सामील असते. वऱ्हाडची काळी जमीन ओल आणि क्षार धरून ठेवते, त्यामुळे तिच्यातून प्रवाह सहज वाहतो. समान अंतरावर चार खुंट्या ठोकून, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडून आणि आतल्या दोहोंमधील विभवांतर पाहून मातीची रोधकता काढण्याची वेनर यांची पद्धत 1915 पासूनची आहे. रोधकता 10 ओहम-मीटरच्या खाली उतरली की ती माती लोखंडाला अत्यंत घातक समजावी. परंतु हीच जमीन वैशाखात कोरडी पडून हातभर भेगाळते, तिची रोधकता चढते आणि कागदावर ती निरुपद्रवी ठरते. म्हणून नळ टाकण्यापूर्वीची मोजणी श्रावणात, चिखल तुडवीत व्हावी, आणि दप्तरात आकड्याशेजारी महिनाही नोंदवावा.