उसाचे वजन होते, गर्भवतीचेही व्हावे



गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. पण घरातल्या गर्भवती सुनेचे वजन गेल्या महिन्यात किती भरले, असे विचारले तर बहुतेक घरी उत्तर मिळत नाही. आम्ही ऊस विकास विभागाची माणसे, डॉक्टर नव्हे. तरी शिवारात आणि तोडणीच्या फडात रोज फिरतो, म्हणून हा विषय मांडत आहोत.

गरोदरपणात बाईचे वजन साधारण १० ते १२ किलो वाढावे. मूळची किडकिडीत असेल तर थोडे जास्त, स्थूल असेल तर कमी. ते डॉक्टर सांगतील. पहिले तीन महिने वाढ थोडीच असते. पुढे महिन्याला सुमारे २ किलो धरावी. त्याहून कमी भरली तर आहार अपुरा पडतोय असे समजावे. एकाच महिन्यात ३ किलोंहून जास्त भरली तर रक्तदाब, मधुमेह किंवा जुळे असू शकते; लगेच दवाखाना गाठावा.

‘लई खाल्लं तर पोर मोठं होतं, बाळंतपण अडतं’ असे जुनी माणसे सांगतात. त्यापायी ताटातली भाकरी कमी करू नये. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात गर्भवतींची पाहणी केली. पालेभाज्या, फळे व दूध नेमाने घेणाऱ्यांची बाळे वजनाला चांगली भरली. अंगमेहनत जास्त असणाऱ्यांची कमी भरली.

आता मोबाईलचे. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ साली सुरू झाली आणि २०२४ साली महाराष्ट्रात आली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक फोन येतो आणि आहार, तपासणी, गोळ्या यांची माहिती ऐकवली जाते. पैसे लागत नाहीत, साधा फोनही चालतो, वाचता येण्याची गरज नाही. मात्र नाव नोंदवताना दिलेला नंबर बरोबर हवा. फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर त्याने स्वतः ऐकावा आणि बायकोलाही ऐकवावा.

याची खरी गरज आहे ती तोडणीच्या टोळ्यांना. कोयता घेऊन आलेली गर्भवती सहा महिने गावाबाहेर असते. तिचे कार्ड पेटीत राहते आणि गावची अंगणवाडी मागे पडते. फोन मात्र सोबत येतो. २०२१ पासून अंगणवाडी ताई ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलमधल्या नोंदवहीत गर्भवतींची नावे ठेवतात. ती नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते. अर्थात, बाई आली आहे हे इथल्या ताईंना कळले तरच.

म्हणून सभासदांना विनंती अशी : आपल्या फडात टोळी उतरली की गर्भवती कोण आहे ते विचारून अंगणवाडीत किंवा आशाताईंना कळवावे. महिन्यातून एकदा तिला वजनाला आणि तपासणीला जाऊ द्यावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिचा खाडा धरू नये, आणि मोळी तिच्या डोक्यावर देऊ नये.

फोन आठवण करून देईल. काट्यापर्यंत नेणारे माणूस मात्र आपणच व्हायला हवे.