खानदेशातून दिसणारे शिवाजी महाराज

राष्ट्रपुरुष आणि शाळा : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट पाहिली. वीम्स नावाच्या चरित्रकाराने ती आपल्या पुस्तकात घातली, शाळांनी उचलली आणि अमेरिकेतल्या कितीतरी पिढ्या ती खरी मानूनच मोठ्या झाल्या. आता घरी येऊ. राज्य उभे करणारा पुरुष म्हटला की मराठी मुलाच्या तोंडी एकच नाव येते. ते नाव आपल्या खानदेशातल्या साक्रीच्या शाळेत कसे शिकवले जाते आणि कसे शिकवता येईल, हा आजचा विषय.

१९ फेब्रुवारीला आपल्याकडे गावोगाव भगवे झेंडे लागतात, मिरवणुका निघतात. शाळेत चिमुकली पोरे जिरेटोप घालून येतात आणि अफजलखानाचा वध पाठ केलेल्या भाषणातून सांगतात. घरी अहिराणी, भिलोरी, कोकणी किंवा मावची बोलणारे मूल त्या दिवशी प्रमाण मराठीत खणखणीत बोलते. हा उत्साह मला मनापासून आवडतो. ज्या मुलांना पाठ्यपुस्तकात स्वतःचे गाव क्वचितच सापडते, ती मुले या एका नावाशी अशी जोडली जातात, हे मोठेच काम आहे.

यामागे एका पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. चौथीचे ‘शिवछत्रपती’ हे पाठ्यपुस्तक १९७० साली आले. तोरणा, प्रतापगड, पावनखिंड, लाल महाल, आग्रा, कोंढाणा, रायगड हा क्रम आज साठीला पोचलेल्या माणसालाही पाठ असतो, तो या पुस्तकामुळे. भाषा सोपी, प्रसंग जिवंत. लहान मुलांसाठी इतके प्रभावी इतिहासाचे पुस्तक मराठीत दुसरे झाले नाही, असे माझे मत आहे.

पण या पुस्तकाचा नकाशा पुणे, सातारा, कोकण आणि कोल्हापूर असा आहे. साक्रीचे मूल तो वाचते आणि समजते की हे सगळे कुठेतरी दूर, सह्याद्रीच्या दऱ्यांत घडले. खानदेशाचे काय? हा प्रश्न मुलाच्या मनात येत नाही, आणि आला तरी उत्तर द्यायला शिक्षकाच्या हातात काही नसते.

उत्तर असे आहे की महाराजांच्या काळात खानदेश हा मोगलांचा सुभा होता. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, फारुकी घराण्याची सत्ता संपली आणि बऱ्हाणपुराहून मोगलांचा कारभार सुरू झाला. शेजारच्या बागलाणात मुल्हेरचे बागुल राजे होते, तो मुलूखही १६३८ मध्ये शहजादा औरंगजेबाने जिंकला. म्हणजे महाराज आठ वर्षांचे असताना आपला सगळा परिसर मोगली अमलाखाली गेलेला होता. १६८० साली महाराज गेले, तेव्हाही खानदेश मोगलांकडेच होता. तो मराठ्यांच्या राज्यात आला त्यानंतर सत्तरएक वर्षांनी, १७५२ च्या भालकीच्या तहाने.

तरीही महाराज आणि त्यांचे सैन्य आपल्या उंबरठ्यावर येऊन गेले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून ते बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूने परतले आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी त्यांची लढाई झाली. सुरत हे साक्रीच्या मुलांना पुस्तकातले गाव वाटत नाही. कोंडाईबारीचा घाट उतरून गेलेला कोणी मामा किंवा काका तिथे कामाला असतोच. महाराज सुरतेहून परतले ती वाट आपल्या तालुक्याच्या शेजारून गेली, हे वर्गात एकदा भिंतीवरच्या नकाशावर बोटाने दाखवले तर मूल ते विसरणार नाही.

पुढच्या वर्षी, १६७१ च्या आरंभी, बागलाणातला साल्हेर किल्ला मराठ्यांनी घेतला. १६७२ च्या सुरुवातीला मोगलांनी त्याला वेढा घातला असताना मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर धावून आले आणि गडाच्या पायथ्याशी मोठी लढाई झाली. गनिमी काव्याचे मराठे मोकळ्या मैदानात मोगलांच्या मोठ्या फौजेला हरवू शकतात, हे हिंदुस्थानाने इथे पाहिले. मराठा सरदार सूर्यराव काकडे इथे पडले. साल्हेर १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात तो आहे. पिंपळनेरहून ताहाराबादच्या रस्त्याला लागले की तो पल्ला काही लांब नाही. आपल्या मुलांची सहल मात्र एक तर दूरच्या गडावर जाते, नाहीतर कुठल्याशा पाण्याच्या बागेत.

आता अवघड भाग. साल्हेरच्या लढाईच्या आसपासच्या याच काळात मराठी फौजा खानदेशातही शिरल्या. डिसेंबर १६७० मध्ये बऱ्हाणपुराजवळचा भाग लुटला गेला आणि खानदेशातल्या गावांच्या कारभाऱ्यांकडून चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, देण्याचे करार लिहून घेतले गेले, असे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे. १६७५ मध्ये धरणगावची इंग्रजांची वखार लुटली गेली. धरणगाव आपलेच. मग चौथीतले हुशार पोर विचारणारच, ‘सर, महाराजांनी आपलं गाव लुटलं?’

या प्रश्नाला घाबरून विषय बदलणारा शिक्षक मुलाचे आणि महाराजांचेही नुकसान करतो. उत्तर सरळ द्यावे. हा मुलूख शत्रूचा होता. इथल्या शेतसाऱ्यावर आणि पेठांवर त्या सुभ्याचा कारभार आणि फौजफाटा पोसला जात होता. शत्रूची ही रसद तोडणे आणि आपला खजिना भरणे हे त्या काळातल्या प्रत्येक राजाच्या युद्धाचे अंग होते. मग दुसरी बाजू सांगावी. महाराजांना शिव्याशाप देणारा मोगल इतिहासकार खाफीखानसुद्धा लिहून ठेवतो की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा सक्त नियम होता. १६७३ साली चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्याच अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील. रयतेकडून काही हवे असेल तर बाजारात पैसे देऊन घ्या. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदराने वात पळवली तर गवत पेटेल. पत्राचा आशय हा असा. राजा उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो, हे ऐकून चौथीतले मूल थक्क होते. हे पत्र प्रत्येक वर्गात वाचले गेले पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते. वाघनखांपेक्षा त्यात राज्य उभारणारा माणूस जास्त दिसतो.

हे सगळे आपल्याला कळते कसे, तेही मुलांना सांगायला हवे. सातवीच्या पुस्तकाचा पहिला धडाच ‘इतिहासाची साधने’ आहे, पण परीक्षेच्या घाईत तो दोन तासांत उरकला जातो. खरे तर महाराजांची जन्मतारीख हा त्या धड्याचा सर्वांत रंजक नमुना ठरेल. फार काळ जन्मसाल १६२७ मानले जाई, १९२७ साली त्रिशताब्दीसुद्धा साजरी झाली. पण त्याआधीच, १९१६ मध्ये, लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली होती. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातल्या त्या टिपणात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. पुढे महाराजांच्याच आज्ञेने कवींद्र परमानंदाने रचलेले ‘शिवभारत’ तंजावरहून हाती आले, जोधपूरला जन्मकुंडली सापडली, आणि तिन्ही साधने एकमेकांशी जुळली. वाद पुढे अनेक दशके चालला. या शतकाच्या आरंभी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथीनुसार जयंती करणारे आजही आहेत, त्यांचाही आधार हीच नोंद. मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलाला ही तारीख कुणाच्या घरातल्या कागदावरून आली हे माहीत असेल, तर त्याचा अभिमान अधिक पक्का होईल.

असे कागद शोधण्यात ज्याने आयुष्य घालवले, तो माणूस शेवटी आपल्याच जिल्ह्यात विसावला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यांनी काढले. गावोगाव पायी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि कुलकर्ण्यांच्या दप्तरांतून त्यांनी कागद गोळा केले. ते गेल्यावर नवव्या दिवशी, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांचा संग्रह तिथे राहिला. साक्रीहून धुळे तास-सव्वातासाच्या वाटेवर आहे. मराठी इतिहासाचा एवढा ठेवा इतक्या जवळ असताना आपल्या तालुक्यातल्या बहुतेक मुलांनी मोडी लिपीचा एक कागदही डोळ्यांनी पाहिलेला नसतो, याचे मला फार वाईट वाटते.

हे सगळे शिकवायला नवे पुस्तक लिहायची गरज नाही. केंद्रीय शिक्षण मंडळाच्या शाळांतल्या जुन्या सातवीच्या पुस्तकात महाराजांना मोजक्या ओळी मिळाल्या म्हणून आपण वर्षानुवर्षे तक्रार केली, आणि ती रास्त होती. २०२५ च्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आले आहे. ओळी वाढल्या. त्या ओळींना मुलाच्या पायाखालची जमीन जोडण्याचे काम मात्र दिल्लीहून किंवा पुण्याहून होणार नाही, ते इथल्या शिक्षकालाच करावे लागेल.

पुढच्या लेखांकात १९३६ च्या फैजपूर काँग्रेसकडे आणि शाळांतल्या गांधीजींकडे वळू. तोवर साक्री, पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल या भागातल्या वाचकांना एक विनंती. घराच्या माळ्यावर, देवघराच्या फळीवर किंवा जुन्या पेटीत मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत देऊ नका, वाळवीला सोडू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि धुळ्याच्या मंडळात जाणकाराला एकदा दाखवा.