रूट कॅनाल झालं, कॅपचं काय?

रूट कॅनाल करून खुर्चीतून उठलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला : "जेवू कधी?" बधिरपणा उतरल्यावर. त्याला दोन-चार तास लागतात. तोवर गाल दाताखाली आला तरी कळत नाही. कळतं तेव्हा तोंडात जखम झालेली असते.

पुढचे काही दिवस त्या बाजूने घास चावला की दुखतं. "नस काढली ना, मग दुखतंय काय?" दुखतो तो दात नव्हे, दाताला हाडाशी धरून ठेवणारे मुळाभोवतीचे तंतू सुजलेले असतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी त्याला बहुधा पुरते. घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी शोधू नका. तोंड मिटताना तोच दात आधी टेकत असेल, तर दातात भरलेलं तात्पुरतं सिमेंट उंच राहिलंय. ते घासून घेणं पाच मिनिटांचं काम. चेहऱ्यावर सूज किंवा ताप आला, ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तर मात्र थांबू नका.

खरी गडबड होते ती दुखणं थांबल्यावर. पेशंट कॅपसाठी फिरकतच नाही. आता त्रास नाही, मग आणखी खर्च कशाला? पण किडीने आणि ड्रिलने मिळून दाढ आतून पोखरलेली असते, उरतात त्या कडेच्या भिंती. भाजलेला चणा, सुपारी किंवा मटणाचं हाड नेमकं तिथे आलं आणि चीर मुळापर्यंत गेली, की दात काढण्यावाचून इलाज नाही. म्हणजे उपचाराचे पैसे गेले, दातही गेला. फारसा न पोखरलेला पुढचा दात नुसत्या फिलिंगवर निभावतो. दाढेला बहुतेक वेळा कॅप लागतेच. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचा सोबती. ते झिजलं की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत.

कॅप बसली तरी हिरडीपाशी तिच्या कडेखाली मूळचाच दात असतो. तिथे कीड लागते, आणि नस नसल्यामुळे कळ येत नाही. म्हणून रात्रीचं ब्रशिंग चुकवू नका, फटीत फ्लॉस फिरवा, मिश्री सोडा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून घ्या. कॅप राहिली असेल, तर उद्याच दवाखान्यात फोन करून तारीख घ्या.