हात लावून इलेक्ट्रॉनिक्स – भाग ७ : खाडीची उघाडी आणि डायोड

मागच्या भागात आपण रोह्याच्या कुंडलिकेवर होतो. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कोलाडला नदी फुगते. पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे व्होल्टेज आणि वाहतं पाणी म्हणजे करंट, इतकं तिथे पक्कं केलं. या आठवड्यात पेणच्या खारेपाटात जाऊ. आजचा पार्ट आहे डायोड, आणि डायोड ज्याला कळायचा आहे त्याने आधी उघाडी बघावी.

वाशी-दादरकडच्या मुलांना उघाडी सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात. पण पावसाच्या पाण्याला बाहेर जायला वाट हवीच. म्हणून बांधात मोरी ठेवतात आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर झडप टांगतात. भरती आली की खाडीचं पाणीच ती झडप दाबून धरतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते आणि आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. रात्री-अपरात्री कुणी जाऊन दार उघडायला नको, मिटायला नको.

डायोड नेमकं हेच करतो. १एन४००७ हा डायोड हातात घ्या: काळं, बारीक नळकांडं, एका टोकाला रुपेरी पट्टा. करंट पट्ट्याकडून बाहेर पडतो, पट्ट्याकडून आत शिरत नाही. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीतला डायोड केला, तेव्हा त्यांनीही त्याला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडपच म्हटलं. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला शब्द तोच. त्याच वर्षी जगदीशचंद्र बोस यांना स्फटिकाच्या डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट मिळालं. आपल्या हातातल्या डायोडचं नातं काचेच्या नळीपेक्षा बोसांच्या स्फटिकाशी अधिक जवळचं आहे. डायोड शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

झडपेला वजन असतं, त्यामुळे आतली पातळी थोडी तरी जास्त झाल्याशिवाय ती हलत नाही. सिलिकॉन डायोडही साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय नीट उघडत नाही. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल तार बिनपट्ट्याच्या टोकाला, काळी पट्ट्याच्या टोकाला. सहाशेच्या आसपास आकडा दिसेल, तो मिलिव्होल्टमधला. तारांची अदलाबदल केली की स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता १ उरतो: झडप बंद. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला, तर झडप उघडीच अडकली आहे. तो डायोड टाकून द्या. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड जाते, तशी डायोडलाही मर्यादा असते. १एन४००७ उलट्या बाजूने १००० व्होल्टपर्यंत तग धरतो.

आता कामाचं. आर्डुइनो उनोच्या पिनकडून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त मागू नये. ५ व्होल्टच्या लहान निळ्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते. म्हणून मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घालायचा, त्याच्या बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. माझे पहिले दोन ट्रान्झिस्टर याच्या पुढे गेले. रिले थोडा वेळ टक्-टक् वाजला आणि मुका झाला. मी रात्रभर कोड तपासत बसलो, आणि चूक कोडमध्ये नव्हतीच.

कॉइलमधून वाहणारा करंट एकदम थांबायला तयार नसतो. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइल तो पुढे रेटत राहते, वाट मिळत नाही तसं व्होल्टेज चढत जातं, आणि शेवटी ट्रान्झिस्टर फुटतो. त्या करंटला एक उघाडी द्यायची: डायोड कॉइलच्या दोन टोकांना जोडायचा, पट्टा ५ व्होल्टकडे. एरवी तो बंद असतो. कॉइल बंद होण्याच्या क्षणीच तो उघडतो आणि करंट कॉइलमध्येच फिरून विरून जातो. पट्टा उलटा लावलात, तर रिले ओढण्याऐवजी सगळा करंट डायोडमधूनच जाईल आणि ट्रान्झिस्टर तापेल.

रिलेच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्टचा पंप इतक्यात जोडू नका, सेलवरचा लहान दिवा जोडा. शंभर वेळा चालू-बंद करा. दर टक् आवाजाला दिवा लागला आणि बोट लावल्यावर ट्रान्झिस्टर गारच राहिला, तर पट्टा बरोबर बाजूला आहे.