पाण्यातला पिवळा रंग काय सांगतो?

विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं नितळ असतं, तरी तपासणीच्या कागदावर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा येतो. मग बैठकीत प्रश्न निघतो, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू प्रयोगशाळेला कळतात कसे? आज आपण तेच समजून घेऊ.

माणसांच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात ई-कोलाय नावाचा जीवाणू राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला, तर कुठून तरी विष्ठा त्या पाण्यात मिसळते आहे असं समजायचं. तिच्याबरोबर जुलाब, कावीळ, टायफॉइड यांचे जंतूही येऊ शकतात.

हा जीवाणू मोठा काटकसरी. ग्लुकोज ही सोपी साखर तो लगेच खातो. दुधातली साखर मात्र आधी तोडावी लागते. त्यासाठी तो एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. त्याचं नाव बीटा-गॅलॅक्टोसिडेज. ते कसं बनवायचं हे त्याच्या जनुकात लिहिलेलं असतं. पण घरात दूध नसताना विरजण लावायला कोण बसेल? म्हणून एक प्रथिन त्या जनुकाजवळ कुलपासारखं बसून असतं. दुधातली साखर आत आली, की तिच्यापासून बनलेला एक पदार्थ या प्रथिनाला चिकटतो. कुलूप सुटतं आणि विकर बनू लागतं. तरी जवळ ग्लुकोज भरपूर असेल, तर हे काम मंदच राहतं. आधी सोपं संपवायचं, मग अवघडाला हात घालायचा!

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फ्रान्स्वा जाकोब आणि झाक मोनो यांनी १९६१ साली ही व्यवस्था मांडली. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

याच विकराचा उपयोग पाणी तपासायला होतो. काही प्रयोगशाळा पाण्याच्या नमुन्यात दुधातल्या साखरेशी साम्य असलेला, रंग बांधून ठेवलेला पदार्थ घालतात आणि नमुना साधारण एक दिवस उबेत ठेवतात. आतड्यातल्या जीवाणूंच्या गटातलं कोणी पाण्यात असेल, तर त्याचं विकर तो पदार्थ तोडतं, रंग सुटा होतो आणि पाणी पिवळं पडतं. या गटातले काही जीवाणू मातीतही असतात. म्हणून खास ई-कोलाय ओळखायला दुसऱ्या विकराची खूण बघतात. तो असेल तर अतिनील दिव्याखाली पाणी निळं चमकतं.

गावात जी बाटली काळी पडते, ती तपासणी वेगळी. पण तिच्याकडेही दुर्लक्ष करू नका.

आता आपलं काम. तपासणीचा कागद ग्रामपंचायतीकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात आढळता कामा नये. आढळला, तर त्या दिवसापासून पाणी खळखळून उकळून, झाकून ठेवा. विहिरीत योग्य प्रमाणात क्लोरीन टाकून घ्या. शोषखड्डा, उकिरडा, फुटलेली पाइपलाइन, यातलं काय विहिरीजवळ आहे ते गटाने मिळून शोधा. दुरुस्ती झाली की पाणी पुन्हा तपासायला द्या. पहिला पाऊस पडल्यावर तर नक्कीच द्या, कारण वाहून आलेली घाण तेव्हाच विहिरीत उतरते.