परकीय सैनिक आणि हद्दपारीचा कायदा

विषयाची जागा

भंडारा जिल्ह्यातील तुमसर रोड स्थानकातून रेल्वेचा एक फाटा मँगनीजच्या पट्ट्यातून मध्य प्रदेशातील तिरोडीला जातो. जुन्या भंडारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, प्रतापगड-गोठणगावच्या जंगलपट्टीत, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत त्यात गेली. तिबेटी प्रशासनाच्या कागदांवर मात्र ती अजूनही ‘भंडारा’च आहे. तिरोडीत एका चिनी सैनिकाने जवळजवळ पाच दशके काढली. नॉर्ग्येलिंगसारख्या वसाहतींमधून भारतासाठी बंदूक हाती घेणारे तरुण गेले. जो माणूस नागरिक नाही पण सैनिक आहे, त्याच्या हातून गुन्हा घडला तर त्याचे काय होते, हा प्रश्न अमेरिकेत गेली तीस वर्षे धगधगतो आहे. त्याचे धागे या भागापर्यंत पोहोचतात.

हद्दपारी आणि तडीपारी

बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, कायद्यात मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ अन्वये एखाद्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचा आदेश देता येतो. त्याची कमाल मुदत दोन वर्षे. भंडाऱ्याचा एखादा माजी सैनिक गुन्हेगार ठरला, तर तो तुरुंगात जाईल, फार तर तडीपार होईल, पण मुदत संपली की घरी परतेल. देशाबाहेर घालवणे ही कारवाई फक्त परकीयावर होते. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील वास्तव्याचा हक्क नागरिकांपुरता आहे. अनुच्छेद २१ मधील जीविताचे संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. परकीयाला बाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्यूलर प्रकरणात सांगितले.

गणवेश आणि नागरिकत्व

सैन्यात शपथ घेतली म्हणजे आपण त्या देशाचे नागरिक झालो, अशी समजूत अनेक परकीय सैनिकांची असते. ती चुकीची आहे. पंजाबात जन्मलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांना मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ते ‘गोरे’ नाहीत म्हणून, त्यांच्या विरोधात निकाल दिला. माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाल्यानंतरच, १९३६ मध्ये, ते नागरिक होऊ शकले. आज वंशाची अट नाही. ग्रीन कार्डधारकाला अमेरिकी सैन्यात भरती होता येते आणि सेवेच्या आधारावर नागरिकत्वही लवकर मिळते. परंतु त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तळ बदलत राहिले, युद्धावर पाठवणी झाली, टपाल चुकले, वरिष्ठांनी सांगितले नाही, किंवा नागरिकत्व आपोआप मिळाले असे वाटत राहिले, की अर्ज राहून जातो. पुढची सारी साखळी इथून सुरू होते.

१९९६ चे वळण

अमेरिकी कायद्यात ‘गंभीर अपराध’ ही संज्ञा १९८८ मध्ये आली, तेव्हा तिच्यात खून आणि अमली पदार्थ वा शस्त्रांचा बेकायदा व्यापार एवढेच होते. १९९६ च्या दुरुस्तीने ती बरीच रुंदावली. एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी किंवा मारामारीसुद्धा तिच्यात बसू लागली. त्याहून दूरगामी बदल दुसराच होता. आरोपीची लष्करी सेवा, कुटुंब, वास्तव्याची वर्षे यांचा विचार करून हद्दपारी थांबवण्याची इमिग्रेशन न्यायाधीशाची मुभा अशा प्रकरणांत संपली. युद्धावरून परतलेल्यांमध्ये मानसिक आघात आणि व्यसने यांचे प्रमाण लक्षणीय असते, आणि त्यातून घडणारे गुन्हे नेमके याच यादीतले. म्हणून हा बदल त्यांच्यावर अधिक जोराने आदळला.

होसे पडिया यांचे प्रकरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मूळ होंडुरासचे पडिया व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढले. चाळीसेक वर्षे ते तेथे कायदेशीर रहिवासी होते. ट्रकमधून गांजा नेताना केंटकी राज्यात पकडले गेल्यावर, ‘इतकी वर्षे इथे आहात, हद्दपारीची काळजी नको,’ असे वकिलाने सांगितले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला. सल्ला साफ चुकीचा होता. त्या कबुलीने हद्दपारी जवळपास अटळ झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कबुलीमुळे हद्दपारी ओढवेल हे परकीय आरोपीला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे.

शिक्षा नसलेली शिक्षा

हद्दपारी ही शिक्षा नसून प्रशासकीय कारवाई आहे, असे अमेरिकी न्यायालयांनी १८९३ पासून मानले आहे. या एका गृहीतकातून बरेच काही निघते. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व येथे लागू होत नाही. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. तुरुंगवास भोगून झाल्यावरही ही कारवाई होऊ शकते. प्रत्यक्षात ही तुरुंगाहून कठोर शिक्षा आहे. लहानपणी सोडलेल्या देशात, कधीकधी ज्याची भाषाही धड येत नाही अशा देशात, माणसाला उतरवून दिले जाते. माजी सैनिकाचे वैद्यकीय लाभ कागदावर शाबूत राहतात, पण त्यांची रुग्णालये सीमेच्या आत असतात. राष्ट्रीय दफनभूमीत सन्मानाने दफन होण्याचा हक्कही अनेकांना उरतो. म्हणजे जिवंतपणी बंद असलेली सीमा मृत्यूनंतर उघडते. या विसंगतीचे समर्थन करता येत नाही.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, २०१३ ते २०१८ या आर्थिक वर्षांत सुमारे २५० माजी सैनिकांवर अशी कारवाई झाली आणि ९२ जणांना प्रत्यक्ष बाहेर पाठवले गेले. आकडा याहून मोठा असू शकतो, कारण पकडलेला माणूस माजी सैनिक आहे का, हे अधिकारी नेहमी विचारत वा नोंदवत नव्हते.

भारतीय सैन्यातील परकीय

भारताच्या लष्करी कायद्याने परकीयांच्या भरतीवर बंधन घातले आहे, पण नेपाळच्या प्रजाजनांना त्यातून वगळले आहे. गोरखा पलटणींचा आधार १९४७ चा त्रिपक्षीय करार. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी माजी सैनिकाला भारतात राहण्याची मोकळीक असल्याने प्रश्न तीव्र होत नाही. अधिकारी भरतीच्या जाहिरातींत १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेल्या तिबेटी निर्वासितांचाही उल्लेख वर्षानुवर्षे होत आला आहे.

तिबेटींची बाब अधिक नाजूक आहे. चीनशी युद्ध चालू असताना, १४ नोव्हेंबर १९६२ रोजी, तिबेटी तरुणांच्या विशेष सीमा दलाची स्थापना झाली. चक्राता हे त्याचे केंद्र. १९७१ मध्ये हे दल चितगावच्या डोंगराळ भागात लढले आणि त्याचे पन्नासच्या आसपास जवान कामी आले. दल गुप्त असल्याने त्यांचा जाहीर गौरव झाला नाही. लडाखमध्ये सुरुंगस्फोटात मारल्या गेलेल्या याच दलातील जवानाला सप्टेंबर २०२० मध्ये लेह येथे जाहीर निरोप दिला गेला, तेव्हा बहुतेक देशाला दलाचे नाव प्रथमच कळले.

नोंदणी प्रमाणपत्राचे बळ आणि मर्यादा

वसाहतीतील तिबेटी व्यक्तीचा मुख्य कागद म्हणजे ‘आरसी’, अर्थात परकीय म्हणून केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र. त्याचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते. ते आहे तोवर वास्तव्य वैध. ते नसेल वा मुदतबाह्य असेल तर तेवढ्यावरही गुन्हा नोंदवता येतो. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. नोंदणीकृत तिबेटींना त्यात सवलत आहे, पण ती सरकारी आदेशाने दिलेली सवलत आहे, हक्क नव्हे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी मात्र जन्मानेच नागरिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते मान्य केले. २०१७ मध्ये पासपोर्ट देण्याचे आदेश निघाले, पण त्यासोबत आरसी परत करण्याची आणि वसाहत सोडण्याची अटही आली. नॉर्ग्येलिंगमध्ये धानशेती करणाऱ्या, हिवाळ्यात शहरांतून स्वेटर विकणाऱ्या कुटुंबासाठी ही अट साधी नाही.

तिरोडीचा दाखला

हद्दपारीसाठी स्वीकारणारा देश लागतो. चिनी सैन्यातील सर्वेक्षक वांग ची जानेवारी १९६३ मध्ये वाट चुकून भारतात शिरले, निदान त्यांचे म्हणणे तसे. वेगवेगळ्या तुरुंगांत सहाएक वर्षे काढल्यावर १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांची सुटका केली, पण परत जाण्याचे कागद कोणीच दिले नाहीत. पोलिसांनी त्यांना तिरोडीत आणले. ते पिठाच्या गिरणीत कामाला लागले, गावाने त्यांना राज बहादुर म्हटले, लग्न झाले, मुले झाली. चिनी पासपोर्ट २०१३ मध्ये हाती आला आणि मायदेशाचे दर्शन फेब्रुवारी २०१७ मध्ये घडले. अमेरिकेतील माजी सैनिकाला राहायचे असते आणि त्याला घालवले जाते. वांग यांना जायचे होते आणि जाता आले नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय केला तो कागदाने.

उपाय कुठे अडतात

गव्हर्नरची माफी हा अमेरिकेत एक मार्ग आहे. २००४ मध्ये मेक्सिकोला पाठवलेले माजी छत्रीधारी सैनिक हेक्टर बराहास यांनी तिहुआनात हद्दपार सैनिकांसाठी आसरा उभारला. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना माफी दिली आणि एप्रिल २०१८ मध्ये ते नागरिक झाले. पण माफी एकेकट्याला मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर असते. २०२१ मध्ये सुरू झालेली परत आणण्याची मोहीमही प्रशासकीय होती. १९९६ चा कायदा तिने बदलला नाही.

भारतात दुरुस्तीची जागा नेमकी दाखवता येते. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ६ नुसार विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी विशेष सेवा केलेल्या परकीयाला केंद्र सरकार नेहमीच्या अटी शिथिल करून नागरिकत्व देऊ शकते. या यादीत देशाच्या सीमेवर केलेल्या सैनिकी सेवेचा उल्लेख नाही. तो असायला हवा.